तिसऱ्या कोपऱ्यावर दोन साखळ्या

१

आमच्या घरात कुणालाही हाक मारा, उत्तर एकच येतं. "आले, एवढा फेरा होऊ दे." दूध उतू जात असो, दारात टपालवाला ताटकळत असो, की माझा ताप एकशे दोनवर गेलेला असो. आई आणि थोरली मावशी दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून क्रोशाचे चौकोन विणतात, आणि फेरा अर्धवट टाकून उठणं म्हणजे त्यांच्या लेखी भरल्या ताटावरून उठणं. हे वाक्य आपण जन्मात म्हणायचं नाही, असं मी सात वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं.

मी विणत नाही. मी सफाई करते.

मावशीनं मला शिकवायचा प्रयत्न केला होता. पण मी डावखुरी. ती दाखवायची त्याच्या बरोबर उलट माझे हात जायचे, आणि तिचं बघता बघता मी रडकुंडीला यायचे. चौथ्या दिवशी तिनं सुई खाली ठेवली. "हिला शिकवायचं तर मला आरशात जाऊन बसावं लागेल," असं आईला म्हणाली, आणि विषय संपला. तेव्हापासून सफाई माझ्याकडे आली. आता मी पंधरा वर्षांची आहे.

प्रत्येक चौकोनाला लोकरीची दोन शेपटं असतात, एक सुरुवातीचं आणि एक शेवटचं. विणणारीनं ती आपल्या हाताच्या एका वितीएवढी सोडायची, हा आमच्या घरचा नियम. मी ती मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवते आणि टाक्यांच्या पोटातून तीनदा फिरवते: एकदा इकडून तिकडे, मग परत, मग पुन्हा तिकडे. एकदाच फिरवलेलं शेपूट दुसऱ्या धुण्याला बाहेर डोकावतं. मग चिमट्यानं केस काढायचे. विणताना विणणारीचे केस टाक्यांत अडकतात आणि तिला पत्ताही लागत नाही. मग चौकोन ओला करायचा, पंच्यात दाबून पाणी काढायचं आणि फळीवर चढवायचा. फळीला चार पोलादी सळ्या आहेत, एकमेकींपासून बरोबर सहा इंचांवर. चौकोनाचे चार कोपरे चार सळ्यांत घालायचे आणि एकावर एक रचत जायचं. दुसऱ्या दिवशी सुकून खाली उतरतात तेव्हा सगळे सारखे झालेले असतात. आईचा हात घट्ट आहे, मावशीचा सैल. फळीवरून उतरल्यावर कुठला कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही, माझ्याशिवाय.

"सफाई दिसली तर ती सफाई कसली," असं मावशी म्हणते. मला हे काम आवडत नाही असं नाही. पण जे काम नीट झाल्यावर दिसतच नाही, ते आयुष्यभर करत बसायचं माझ्या जिवावर येतं.

त्या आठवड्यात घरात दोन गोष्टी चालल्या होत्या. पाहुणेघराच्या बाईंना मोठ्या पलंगाची चादर हवी होती, बारा बाय बारा चौकोनांची. आणि घड्याळाखालच्या फडताळावर माझा अर्ज पडला होता. तो भूगोलाच्या बाईंनी आणून दिला होता. दुसऱ्या शहरात नकाशे काढायचं शिक्षण मिळतं, दोन वर्षांचं, वसतिगृहात राहून. माझी वही बघून बाई म्हणाल्या होत्या, "तुझा डोळा वाया घालवू नकोस." अर्जावर आईची सही हवी होती आणि तो शुक्रवारी पाच वाजायच्या आत शाळेच्या कचेरीत द्यायचा होता.

"बघू," आई म्हणाली होती. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. फक्त ते सांगायला वेळ लागतो.

२

सोमवारी शाळेतून आले तर आतल्या खोलीतली खुर्ची फिरलेली होती.

आतली खोली म्हणजे माझी सफाईची खोली. तिला एकच खिडकी आहे. खिडकीसमोर माझं टेबल, भिंतीला लोकरीची कपाटं, आणि माझ्या पाठीमागे कोपऱ्यात एक जुनी हातांची खुर्ची. पाठ दुखायला लागायच्या आधी आई तिच्यात बसून विणायची. त्या खुर्चीत बसलं की खिडकीचा उजेड डाव्या खांद्यावरून येतो. विणणाऱ्या तशाच बसतात, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही.

आता ती अशी ठेवलेली होती की उजेड उजव्या खांद्यावरून यावा. केर काढताना सरकली असेल, असं म्हणून मी ती नीट केली.

टोपलीत त्या दिवसाचे अकरा चौकोन होते. सहा मावशीचे, चार आईचे. अकरावा हातात घेतला आणि मला तो आधी उलटा धरल्यासारखा वाटला. फिरवून पाहिला, पण उलटा नव्हता. आमच्या चौकोनांचे फेरे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध जातात, ह्याचे काट्यांबरोबर जात होते. सगळे टाके डावीऐवजी उजवीकडे कललेले. शिवाय नवखा हात, कुठे आवळलेला, कुठे ढिला. आणि शेवटच्या फेऱ्यात तिसऱ्या कोपऱ्यावर, वळायला लागणाऱ्या तीन साखळी-टाक्यांऐवजी दोनच साखळ्या.

हा चौकोन डावखुऱ्या माणसानं विणला होता. ते ओळखायला मला एक क्षणही लागला नाही, आणि मग बराच वेळ मी तो हातात घेऊन नुसती बसून राहिले.

"हा कुणी केला?" मी बाहेर जाऊन विचारलं.

मावशीनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, चौकोन उलटसुलट केला आणि अशी काही हसली की मला परत आत पळावंसं वाटलं.

"अगं ए," ती आईला म्हणाली, "आपला मुका खांब बोलला बघ."

मुका खांब हा क्रोशातला सगळ्यात बुटका टाका. मावशीच्या तोंडी तो मी, कारण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

"मी नाही केला."

"नाही कसा? घरात दुसरं डावखुरं आहे कोण? मांजर?"

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग झालं तर."

आईनं फेरा संपेपर्यंत मान वर केली नाही. मग चौकोन घेतला आणि तिसऱ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "एक साखळी चुकलीये," ती म्हणाली, पण फार मायेनं. आई माझ्याशी सफाईबद्दल असं कधी बोललेली नाही.

मी आत येऊन त्याची शेपटं लपवली. दुसऱ्या फेऱ्यात एक केस अडकला होता, काळा आणि कुरळा. आई आणि मावशीचे केस सरळसोट आहेत. कुरळे फक्त माझे. मी तो काढला नाही, का ते सांगता येणार नाही. मग चौकोन फळीवर चढवायला गेले तर तिसरा कोपरा काही सळीपर्यंत पोचेना. ओढला, पाणी मारलं, वाफ दिली, पुन्हा ओढला. बाकीचे तीन बसायचे आणि तो सटकायचा. अर्धा तास मी त्या एका चौकोनाशी झुंजत होते. शेवटी कसाबसा बसवला, तर त्यानं खालच्या सगळ्या चौकोनांना वाकडं केलं.

३

मंगळवारी खुर्ची पुन्हा फिरलेली होती आणि टोपलीत पुन्हा एक डावा चौकोन होता. ह्याला एकही चूक नव्हती. टाके एकसारखे, कोपरे चारही नीट. सोमवारी पहिल्यांदा सुई धरलेला हात एका दिवसात असा होत नाही. असं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मी विचार केला. मावशीची थट्टा असणार. मी गेले तर सफाई कोण करणार, ही चिंता तिला होतीच. मोतीबिंदूमुळे तिला स्वतःची शेपटं लपवता येत नाहीत. पण गेल्या वर्षी तिचा उजवा हात मुरगळला होता तेव्हा तिला डाव्या हातानं स्वतःचे केसही विंचरता येत नव्हते, मीच विंचरून द्यायचे. मग आई? आई थट्टा करत नाही.

"मावशी, खरं सांग, तूच करतेस ना?"

"मी? अगं, मला डाव्या हातानं नाकावरची माशी हाकलता येत नाही."

"मग कोण करतंय?"

"लाजतेय बघ," ती आईला म्हणाली. "चोरून शिकली आणि आता आमच्यावर ढकलतेय. असू दे गं. चोरी केलीस ती चांगलीच केलीस."

मी जितकं नाही म्हणत होते तितका त्यांचा विश्वास पक्का होत होता. मी ओरडून सांगितलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, बघा, किती लाजते. जी मुलगी कधीच बोलत नाही तिचं एक वाईट असतं. ती बोलली की लोकांना ते गोड वाटतं, खरं वाटत नाही.

म्हणून बुधवारी सकाळी मी पुरावा करायला घेतला. आतल्या खोलीतले झालेले सगळे चौकोन मोजले, एका जाड दोऱ्यात मण्यांसारखे ओवले आणि दोऱ्याची दोन टोकं एकत्र घेऊन माझी गाठ मारली. माझी गाठ डावी असते आणि घरात ती कुणालाच सुटत नाही. मावशी माझ्या डब्याच्या पिशवीची गाठ दातांनी सोडते. दोरा टेबलावर ठेवला. खुर्ची भिंतीला तोंड करून ठेवली, उजेड कुठल्याच खांद्यावरून येणार नाही अशी, आणि शाळेत गेले.

परत आले तेव्हा गाठ तशीच होती. ती माझीच होती, मी ओढून पाहिली. पण दोऱ्यावर एक चौकोन जास्त होता. शेवटी नाही, मधोमध, त्रेपन्नावा. फार सुंदर होता. माझ्या आईलाही असा जमत नाही.

खुर्चीवर उजव्या बाजूनं ऊन आलं होतं.

मी तो दोरा घेऊन बाहेर गेले आणि सगळं सांगितलं. एका दमात इतकं मी घरात कधी बोलले नसेन. दोघी ऐकत होत्या. मावशीची सुईसुद्धा थांबली होती.

मग आई म्हणाली, "त्रेपन्नावा कुठला? दाखव."

मी दाखवला. तिनं तो उजेडात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता मला काही काळजी नाही," ती म्हणाली.

४

गुरुवारचा चौकोन मी टोपलीतून चिमट्यानं उचलला. हात लावायची इच्छा होत नव्हती, पण तो तसाच टाकून द्यायचीही होत नव्हती. सफाई न झालेला चौकोन टोपलीत राहिला की मला दुसरं काही सुचत नाही. हा माझा दोषच आहे.

शेपटावर मी माझी वीत लावून पाहिली. आधीच्या तिन्हींची शेपटं लपवण्याआधी लावली नव्हती, त्याचा आता राग आला. शेपूट माझ्या वितीपेक्षा नखभर लांब निघालं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. म्हणजे माझी वीत नाही. म्हणजे दुसरं कुणीतरी आहे, बाहेरचं, शेजारची कुणी डावखुरी, खिडकीतून येणारी, वेडी, काहीही. काहीही चाललं असतं मला.

मग गेल्या हिवाळ्यातले माझे हातमोजे आठवले. ते मला ह्या वर्षी होत नाहीत. माझा हात अजून वाढतोय.

मी केस काढायला घेतले. त्या चौकोनात चार केस होते, चारही कुरळे. दोन काळे होते, एक मुळाशी पांढरा आणि टोकाशी काळा, आणि एक पूर्ण पांढरा. मी ते कागदावर ओळीनं मांडले आणि बघत बसले. माझ्यामागे खुर्ची किरकिरली. जुनं लाकूड उन्हानं तापलं की किरकिरतं, हे मला माहीत आहे. ते एकदा किरकिरतं, मग थांबतं. हे थांबून थांबून किरकिरत होतं. कुणीतरी दर टाक्याला जरासं पुढे झुकावं, तसं. मी मान वळवली तेव्हा थांबलं.

बाहेर मावशी आईला सांगत होती, "शनिवारी पाहुणेघराच्या बाई आल्या की तिचे चौकोन त्यांना वेगळे दाखव. म्हणावं, पुढची चादर हीच करेल."

मी दारात जाऊन उभी राहिले. "आई, अर्ज उद्या द्यायचाय."

आईनं टाका पुरा केला. "एवढा हात बसलाय तुझा," ती म्हणाली. "आणि आता हे सोडून जाणार?"

"मला नकाशे शिकायचेत."

"जगाचे नकाशे काढून झालेत गं सगळे," मावशी म्हणाली. "तुझ्यासाठी कोण ठेवलाय देश बाकी?"

एरवी मी हसले असते. आज नाही. आत गेले आणि गुरुवारच्या चौकोनाची शेपटं लपवली. तीनदा फिरवली. इतकी नीट की उलट्या बाजूनंही दिसू नयेत. रागात असले की माझा हात जास्त नीट चालतो.

५

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. तीन वाजता मी घरी आले ते चपला न काढताच बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. रस्त्यानं एकच वाक्य घोकत आले होते.

"मला विणता येत नाही. तुमच्यासमोर बसते. बघा, आणि मग, आई, सही कर."

मावशीनं मुकाट्यानं आपली सुई आणि लोकरीचा गुंडा पुढे केला. आईनं मला जागा करून दिली.

मी डाव्या हातात सुई धरली, मुद्दाम चुकीची, चमचा धरावा तशी. लोकर उजव्या बोटाला गुंडाळली. मला वाटलं होतं पहिली साखळीच सुटेल, गुंता होईल, मावशी कपाळाला हात लावेल आणि सगळं संपेल. सुई फासात गेली, लोकर ओढून आणली आणि बाहेर आली. पुन्हा गेली. मी बोटं ताठ केली, तरी ती आपापली सैल झाली. मुद्दाम घट्ट ओढलं, पुढचा टाका आपसूक ढिला पडला आणि हिशेब बरोबर झाला. कुणी शिकवल्यासारखं ते नव्हतं. विसरलेलं आठवल्यासारखंही नव्हतं. जिना उतरताना पायऱ्या मोजत नाहीत, तसं होतं.

दोघी बघत होत्या. घड्याळाचा आवाज येत होता.

शेवटच्या फेऱ्यात मावशी म्हणाली, "हात बघ कसा चाललाय. अगदी आईवर गेलीये," आणि मी क्षणभर वर बघितलं. खाली बघितलं तेव्हा कोपरा ओलांडून गेले होते. तिसरा कोपरा. मी साखळ्या मोजल्या. दोन.

उसवून नीट करता आलं असतं. एक टाका मागे जायचं होतं. पण माझे हात थांबले नाहीत, आणि मी थांबवले का नाहीत हे मला अजून कळलेलं नाही. फेरा संपला. मी लोकर एका वितीवर कापली. दुसऱ्या फेऱ्यात माझा एक केस अडकलेला दिसत होता, काळा आणि कुरळा.

मी आतून दोरा घेऊन आले. सकाळी गुरुवारचा चौकोन ओवून मी पुन्हा मारलेली गाठ तशीच होती. सोमवारचा चौकोन मी गुरुवारी रात्रीपर्यंत रोज डोळ्यांनी पाहिला होता. दोऱ्यावर तो नव्हता. मंगळवारचा होता, बुधवारचा होता, गुरुवारचा होता. सोमवारचा फक्त माझ्या हातात होता, अजून सफाई न झालेला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

तेव्हा मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. मला त्या खुर्चीत बसायचं नाही, असं म्हणाले. मला इथे म्हातारं व्हायचं नाही, तुमच्यासारखं एकेका फेऱ्यामागे लपून. मावशीच्या तोंडचं हसू गेलं. आईचे हात मांडीवर पडून होते, रिकामे. मी त्यांना रिकामं कधी पाहिलेलं नाही. मी दोरा उचलला, सुई मुठीत धरूनच आतल्या खोलीत गेले आणि पडदा ओढून घेतला.

६

मला ते तिन्ही चौकोन उसवायचे होते. कापून उपयोग नव्हता. कापलं की तुकडे राहतात. उसवलं की काहीच राहत नाही, नुसती लोकर राहते, आणि त्या लोकरीचं कधी काही झालं होतं हे कुणाला सांगताही येत नाही.

क्रोशाचं काम शेवटच्या टोकाकडून उसवतं. टोक सापडलं की एका ओढीत फेरे सुटत जातात. मी दोऱ्याची गाठ सोडली, मंगळवारचा चौकोन काढला, उलटा केला, टोक शोधलं. मिळेना. खिडकीशी नेला. नखानं उकरलं, बोथट सुईनं टाके उचलून बघितले. बुधवारचा घेतला. गुरुवारचा घेतला. ही शेपटं मीच लपवली होती. इकडून तिकडे, परत, पुन्हा तिकडे, वाफेनं दाबून, फळीवर सुकवून. दुनियेत कुणालाही सापडणार नाहीत अशी, आणि आता मलाही सापडत नव्हती. मी चौकोन टेबलावर आपटले. लोकर आपटल्याचा आवाजही होत नाही.

टोपलीत अजून एक चौकोन होता.

आजचा. मी बघायचं टाळत होते तो. चौथा फेरा अर्ध्यावर होता. ह्याचं शेवटचं टोक कुणी लपवलेलं नव्हतं, कारण तो झालेलाच नव्हता. शेवटचा फास उघडा होता, सुई नुकतीच काढून घेतल्यासारखा गोल. पहिले दोन फेरे सुरेख होते. तिसऱ्यात टाके थरथरायला लागले होते, एक उंच, एक बुटका. चौथ्यात दोन टाक्यांमध्ये विणणारी खूप वेळ थांबली असावी, तिथे लोकर हाताच्या घामानं मळली होती. सगळे केस पांढरे.

लोकर कापलेली नव्हती. ती टोपलीच्या काठावरून खाली गेली होती, माझ्या पायाजवळून, मागे.

मी फास दोन बोटांत धरला आणि ओढला.

चौथा फेरा सर्रकन सुटला. एक टाका, दुसरा, पाचवा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी अजून ओढणार, तेवढ्यात लोकर माझ्या बोटांतून मागे गेली. जोरात नाही. विणणारी पुढच्या टाक्यासाठी लोकर ताणून घेते, तेवढीच.

मी वळले. खुर्ची उजव्या खांद्याच्या उजेडात होती. तिच्यात कुणी नव्हतं. बसायच्या गादीला मधोमध खळगा होता. लोकर जमिनीवरून वर गेली होती, खुर्चीच्या हाताच्या वीतभर वर, आणि तिथे, हवेत, वळली होती. कशावरूनही नाही. बोटावरून वळते तशी वळून, खाली गादीवरच्या गुंड्याकडे गेली होती. त्या वळणापाशी ती जराशी थरथरत होती.

"ऐकलंस का गं," बाहेरून आईची हाक आली. आवाज बसलेला होता. "ये. सही करते. साडेचार होतायत, धावत गेलीस तर पोचशील."

मी जायला निघाले. खरंच निघाले. पण माझ्या हातातला फास मोकळा होता आणि लोकर ताणलेली, आणि चौकोन माझ्या डोळ्यांदेखत सुटत चालला. एक टाका गेला. आणखी एक गेला. तिसऱ्या फेऱ्यात शिरला. तो सगळा सुटत सुटत मध्यापर्यंत गेला की काय होईल, हे मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्या चौकोनात जे पांढरे केस होते ते माझे होते. ज्या टाक्यांत ते होते, ते टाके मी संपवत होते.

मावशीची सुई मुठीत होती. मी ती फासात घातली. फक्त पकडून ठेवायला. अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

आता तो बंद करून टाकायचा होता, एका टाक्याचं काम. पण अर्ध्या फेऱ्यात बंद केलं तर चौकोन त्या बाजूला ओढतो. मग तो कुठल्याच फळीवर बसत नाही, कितीही वाफ द्या. निदान कोपऱ्यापर्यंत जायला हवं होतं. आणि कोपऱ्यापर्यंत गेलं की पुढची बाजू लहानच असते.

"येतेस ना?" आई म्हणाली. कागदाची सळसळ ऐकू आली. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"आले," मी म्हणाले. "एवढा फेरा होऊ दे."

बाहेर सगळं थांबलं. मग आईनं पेनाचं टोपण लावलं.

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असायला हवा होता.

मी पडद्याकडे बघत होते आणि हात चालू होते. माझ्या मागे लोकर सैल झाली, पुढच्या टाक्याला लागते तेवढीच.